बत्तिसावं मशीन

१

दर बुधवारी सकाळी अकराला डॉक्टरीणबाई आमच्या कचेरीत यायच्या आणि मी त्यांच्याशी भांडायचो. आठवड्याचा नेमच होता तो.

त्या काही डॉक्टर नव्हत्या. कचेरीतले संगणक धडधाकट ठेवणं, त्यांना वेळच्या वेळी अपडेट देणं, बाहेरच्यांना आत शिरू न देणं हे त्यांचं काम. प्रत्येक मशीनपुढे बसताना "चला, टोचून घ्या" म्हणायच्या, म्हणून ते नाव पडलं. आमचं सायंदैनिक. दुपारी दोनला शेवटचं पान सुटतं, अडीचला छपाई, चारला अंक रस्त्यावर. अशा ठिकाणी भर सकाळी "अर्धा तास मशीन बंद ठेवा" म्हणणारं माणूस मला शत्रुपक्षातलं वाटायचं.

"काका, आज तरी."

"आज तर मुळीच नाही."

"अकरा आठवडे झाले. दर वेळी 'नंतर आठवण करून द्या' दाबता. ते बटण झिजलं असतं एव्हाना."

"माझ्या चौदा फायली उघड्या आहेत. मशीन बंद केलं की सगळा पसारा जातो."

"फायली उघड्या आहेत हीच तर माझी तक्रार आहे."

सगळी कचेरी हसली. मी नाही हसलो. तीस वर्षं बातमीदारी केली, माझ्यावर सात खटले झाले, दोनदा डोकं फुटलं. एका पोरसवदा बाईने मला सुरक्षिततेचे धडे द्यावेत?

त्या दिवशी मात्र त्या भांडण सोडून माझ्या टेबलाच्या कडेवर बसल्या. मांडीवर यादी होती.

"तुम्ही इथे सगळ्यांत जुने. बत्तिसावं मशीन कुठे आहे?"

"एकतीस आहेत."

"मीही एकतीसच मोजते. दर बुधवारी. पण यादीत बत्तीस येतात." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एकतीस ओळींत तांबडं-पिवळं काय काय होतं. माझी ओळ तर रक्तबंबाळ. बत्तिसावी ओळ स्वच्छ हिरवी. पुढे एकच शब्द : अद्ययावत.

"बघा," मी म्हणालो, "अख्ख्या कचेरीत शिस्तीचं एकच मशीन, आणि तेच हरवलंय."

त्या हसल्या नाहीत. "शिस्तीचं म्हणू नका. मी अपडेट अकराला सोडते. त्याने ते दहाला घेतलेलं असतं."

२

इथे मास्तरांबद्दल सांगायला हवं.

मास्तर म्हणजे आमचे मुद्रितशोधक. छपाईआधी प्रत्येक पान शेवटचं वाचणारे. एकोणतीस वर्षं त्यांचा 'पाहिले' हा शेरा पडल्याशिवाय पान पुढे सरकलं नाही. आधी तो शेरा कागदावर शिसपेन्सिलीने पडायचा, नंतर संगणकात बटण दाबून. नियम यंत्रातच बसवलेला होता : मास्तरांच्या लॉगिनने 'पाहिले' म्हटल्याखेरीज पान छपाईखान्यात उतरतच नाही.

बाकी चुकांच्या बाबतीत ते चांगले होते. नावापत्त्याच्या बाबतीत वेडे होते. बातमीत कुणाचं नाव आणि पत्ता आला की तो खरा आहे का, हे ते स्वतः जाऊन बघत. फोनवर विश्वास नाही. एकला डबा खायचा, एक वाजून दहा मिनिटांनी छत्री उचलायची आणि बाहेर. दारात उभं राहून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दोनदा टकटक. "नाव हेच ना? घर क्रमांक हाच ना?" एवढंच विचारायचं. कागदावर खूण करायची आणि परत. खात्री झाली नाही तर नाव गाळायचं. मी एकदा एका बड्या ठेकेदाराचं नाव दिलं होतं, तेही गाळलं. मी टेबलावर मूठ आपटली, आवाज चढवला. मास्तर म्हणाले, "दारावर पाटी नाही. मी बघून आलो."

दोन वर्षांपूर्वी ते गेले. चार महिन्यांचं आजारपण. अंत्यविधीला मी स्वतः उभा होतो, तेव्हा त्या बाबतीत शंका नको.

व्यवस्थापनाने त्यांची जागा भरली नाही. पण यंत्राला शेरा हवाच होता. नियम बदलायचा तर सगळी प्रणाली उघडावी लागली असती, त्याला कुणाला वेळ होता? मग आम्ही सोपा मार्ग काढला. मास्तरांचं लॉगिन तसंच चालू ठेवलं. पासवर्ड 'मास्तर१२३'. तो चहाच्या टेबलावर, साखरेच्या डब्याच्या वर, चिठ्ठीवर लिहून चिकटवला. ज्याचं पान तयार झालं त्याने मास्तर व्हायचं, 'पाहिले' दाबायचं, मोकळं व्हायचं. दोन वर्षं, रोज आठ पानं, एका मेलेल्या माणसाने पाहून सोडली.

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हलगर्जीपणावर अग्रलेख लिहवून घेतले. या गोष्टीवर मी चकार शब्द काढला नाही. कारण मलाही ते सोयीचं होतं.

३

तेव्हा माझ्या हातात एक बातमी होती. शाळांना पिण्याच्या पाण्याचे मोठे जार पुरवणारी एक कंपनी. त्या पाण्यात शिसं. कंपनीच्याच प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्या एका बाईने मला सात महिन्यांचे अहवाल आणून दिले होते. नवरा हयात नाही, आठ वर्षांची मुलगी. बागेतल्या बाकावर आम्ही भेटायचो, मुलगी समोर झोके घ्यायची.

"दादा, माझं नाव निघालं तर नोकरी जाईल, ते मी धरूनच चाललेय. पण ही माणसं नोकरीवर थांबत नाहीत. माझ्याआधी एक जण बोलला होता. जिन्यावरून पडला म्हणतात."

"असं होतं कधी कधी."

"तळमजल्यावर राहायचा तो."

मी त्यांना शब्द दिला. तुमचं नाव माझ्याबाहेर जाणार नाही. हा शब्द मी आयुष्यात अनेकांना दिला आणि पाळला, कारण ती नावं मी कधीच लिहून ठेवली नाहीत. या वेळी ठेवलं. वय झालं, पत्ते लक्षात राहत नाहीत. संगणकात एक फाईल केली, तिला 'घरचं सामान' असं नाव दिलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. आत बाईंचं पूर्ण नाव, वय, रस्ता आणि घर क्रमांक चौदा.

एका सोमवारी ती फाईल उघडली, तर घर क्रमांक एकेचाळीस.

डोळ्यांचा दोष म्हणून मी चौदा केला. मंगळवारी पुन्हा एकेचाळीस. कुणीतरी थट्टा करतंय म्हणावं, तर या फाईलबद्दल कुणाला माहीतच नव्हतं. मी जिन्यात जाऊन बाईंना फोन लावला.

"ताई, तुमचा घर क्रमांक चौदाच ना?"

"दादा, रागावू नका. तेव्हा मी तुम्हाला नीट ओळखत नव्हते. चौदा मी खोटा सांगितला होता. एकेचाळीस आहे. पण तुम्ही तर माणूस पाठवून खात्री केलीत ना?"

"कुठला माणूस?"

"काल आलेले आजोबा. दुपारी, दीडच्या आत-बाहेर. मी घरीच होते, हिला ताप होता म्हणून. दारावर टकटक झाली, दोनदा. बोटांची नाही, लाकडाची. मी साखळी लावून दार किलकिलं केलं. बाहेर रखरखीत ऊन आणि यांच्या हातात छत्री. माझं पूर्ण नाव घेतलं, म्हणाले, हेच ना? मी हो म्हटलं, दादा. तोंडातून निघूनच गेलं. मग घर क्रमांक विचारला, कागदावर खूण केली आणि गेले."

"दिसायला कसे होते?"

"दिसायला... हातभर अंतरावर होते हो. पण चेहरा काही केल्या आठवत नाहीये."

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. गावोगावच्या बुवांचे आणि मांत्रिकांचे बुरखे फाडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. म्हणून मी सरळ हिशेब मांडला : कंपनीने कुणीतरी चतुर माणूस नेमला आहे. तो आमच्या संगणकात शिरला आहे, आणि एका म्हाताऱ्याला मास्तरांच्या लकबी शिकवून बाईंच्या दारात पाठवतो आहे. भीती घालायला.

हिशेबात एकच भोक होतं. मास्तरांच्या लकबी कंपनीला कोण सांगेल?

दुसऱ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, मी डॉक्टरीणबाईंची वाट बघत जिन्यात उभा राहिलो. बाईंचं नाव न सांगता सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या मशीनवर बसून नोंदी काढल्या.

"ही फाईल रोज उघडली जाते. एक वाजून दहा मिनिटांनी. मास्तर या लॉगिनने, बत्तिसाव्या मशीनवरून. मास्तर कोण?"

"ते गेले."

"नोकरी सोडून?"

"जग सोडून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी चिठ्ठीबद्दल सांगितलं. मग त्या जे बोलल्या ते अख्ख्या कचेरीने मान खाली घालून ऐकलं, संपादकसुद्धा उठून उभे राहिले. आमच्या संपादकांना आम्ही कात्री म्हणतो, ते कुणाचंही बोलणं अर्ध्यात कापतात. त्या दिवशी कापलं नाही.

"दोन वर्षं! सगळ्यांच्या फायली वाचू शकणारं लॉगिन, आणि त्याची किल्ली साखरेच्या डब्यावर! उद्या घराचं दार काढून विका ना, काका. नाहीतरी त्याचा उपयोग काय?"

मग आम्ही बत्तिसावं मशीन शोधायला निघालो. सर्व्हरच्या कपाटात प्रत्येक मशीनची वायर एका खाचेत येते, खाचेवर क्रमांक असतो. बत्तिसाव्या खाचेतून एक नारिंगी वायर निघाली होती. ती छतातून, पंख्याच्या कडीपाशी वळून, जुन्या अंकांच्या खोलीत उतरली होती. तिथल्या कपाटांमागे एक दार होतं. मी ते ओळखलं. मास्तरांची खोली. ते गेल्यावर दारापुढे कपाटं लावून टाकली होती.

कपाट सरकवायला दोघांना दहा मिनिटं लागली.

खोली एवढीशी. खिडकी नाही. एक टेबल, एक खुर्ची. संगणक नव्हता. वायर भिंतीवरून खाली आली होती आणि तिचं टोक जमिनीवर धुळीत पडलं होतं, मेलेल्या पालीसारखं. कशालाही न जोडलेलं.

"तुम्ही इथेच थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी कपाटापाशी जाऊन बघते."

त्या गेल्या. मी टेबलाकडे पाहत उभा राहिलो. त्यावर बोटभर धूळ होती. फक्त दोन ठिकाणी नव्हती. खुर्चीच्या समोर, हातभर अंतरावर, दोन स्वच्छ गोल. कोपर टेकायच्या जागा.

माझा फोन वाजला. डॉक्टरीणबाईच होत्या, पंचवीस पावलांवरून.

"वायरला काही जोडलंत का?"

"नाही."

"बत्तीसचा दिवा लुकलुकतोय. कुणीतरी काम करतंय, काका. भराभर."

मी वाकून वायरचं टोक उचललं, चिमटीत धरलं. रिकामं, थंड. "आता?"

"आता आणखी भराभर."

"काढून टाका!" मी ओरडलो. फोनमधून खाचेतून वायर सुटल्याचा बारीक आवाज आला. आणि माझ्यासमोरच्या टेबलावर, लाकडावर लाकूड आपटावं तसं, दोनदा टकटक झाली.

जुनं लाकूड वाजतं. उष्म्याने वाजतं, थंडीने वाजतं. हे मी खोलीतून बाहेर येईपर्यंत स्वतःला चार वेळा सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचं लॉगिन कायमचं बंद केलं, शेऱ्याचा अधिकार कात्रींकडे दिला, चिठ्ठी फाडली. नारिंगी वायर छतातून ओढून काढली आणि गुंडाळून पिशवीत टाकली. माझी 'घरचं सामान' ही फाईल पुसली, अगदी मुळापासून. आणि मग मी मुकाट्याने खुर्ची सोडली आणि माझ्या मशीनला बारा आठवड्यांचं अपडेट मिळालं. स्क्रीनवर चाळीस मिनिटं एकच ओळ होती : काम चालू आहे, कृपया बंद करू नका. मी समोर बसून राहिलो. असहाय वाटत होतं. आपल्या घरात कुणीतरी सामान हलवतंय आणि आपण ओसरीवर बसलोय, असं.

५

बातमी दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी लागायला हवी होती. शुक्रवारी कंपनी जुने नमुने फेकून देणार होती. नमुने गेले की नुसते कागद उरले असते. पहिलं पान मी आणि कात्रींनी मिळून लावलं. बाईंचा उल्लेख एका ठिकाणी, तिसऱ्या स्तंभात, 'कंपनीतील एका जबाबदार व्यक्तीने' एवढाच.

एक वाजून दहा मिनिटांनी पानाच्या कोपऱ्यात शेरा उमटला. पाहिले : मास्तर.

"कुणी केलं हे?" कात्री ओरडले. "ते लॉगिन काल मारलं ना?"

मी तिसरा स्तंभ बघत होतो. 'एका जबाबदार व्यक्तीने' हे शब्द गेले होते. त्या जागी बाईंचं पूर्ण नाव होतं. वय. रस्ता. घर क्रमांक एकेचाळीस.

मी ते खोडलं. माझा हात कळफलकावरून उचलला न उचलला तोच पुन्हा आलं. पूर्ण परिच्छेद उडवला, परिच्छेद नावासकट परत आला. कोरं पान घेऊन सगळी बातमी नव्याने चिकटवली. तिसऱ्या स्तंभात नाव. कात्री माझ्या खांद्यावरून बघत होते आणि त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

"बातमी काढून टाक," ते म्हणाले.

"काढली तर नमुने जातील. पोरं तेच पाणी पीत राहतील."

"आणि छापली तर ही बाई जाईल. दोनला पान सुटतं. बोल."

डॉक्टरीणबाई रिक्षाने धावत आल्या तेव्हा एक चौतीस झाले होते. त्यांनी आपली यादी उघडली. बत्तीस ओळी. बत्तिसावी हिरवी.

"वायर माझ्या पिशवीत आहे, काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी पिशवी उघडून दाखवली. नारिंगी वेटोळं. मग त्यांनी पिशवीची चेन घाईघाईने लावली.

त्या क्षणी मला मास्तरांची एकच गोष्ट आठवली : खात्री झाली नाही तर नाव गाळायचं.

मी बाईंना फोन लावला. तिसऱ्या घंटेला उचलला, पण आवाज नाही, फक्त श्वास.

"ताई, घर सोडा. आत्ता."

"दादा," त्या कुजबुजल्या, "ते दारात आहेत."

फोनमधून मला ऐकू आलं. टकटक. थोडा वेळ गेला आणि पुन्हा टकटक. त्या आवाजात घाई अजिबात नव्हती.

"हो म्हणू नका. काहीच बोलू नका. मागून वाट आहे?"

"मोरीच्या बाजूने जिना आहे."

"मुलीला घ्या आणि निघा. परत यायचं नाही, या घरात कधीच नाही. आणि कुठे जाताय ते मला सांगू नका. मला कळलं की ते कुठेतरी लिहिलं जाईल. हा फोनसुद्धा टाकून द्या."

"मग तुम्हाला कसं कळणार आम्ही—"

"नाही कळलं पाहिजे, ताई."

फोन बंद झाला. आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत उभे राहिलो. एक पंचेचाळीस. एक पन्नास. एक बावन्नला तिसऱ्या स्तंभातला घर क्रमांक गेला. मग रस्ता, मग वय. शेवटी नाव, एकेक अक्षर मागून पुढे, एखाद्याने सावकाश रबर फिरवावं तसं. त्या जागी क्षणभर एक प्रश्नचिन्ह राहिलं. मग तेही गेलं आणि माझे शब्द जसेच्या तसे परत आले.

कोणीही बटण दाबलं नाही. पान आपोआप छपाईखान्यात उतरलं.

६

बातमी गाजली. नमुने जप्त झाले, कंपनीला टाळं लागलं. लोकांनी माझी पाठ थोपटली. मी शुक्रवारी सकाळीच एकेचाळीस क्रमांकाच्या घरी गेलो. कुलूप तुटलेलं, कपाटं उपडी, मुलीच्या दप्तरातली पुस्तकं जमिनीवर. शेजारणीने सांगितलं, काल संध्याकाळी गाडीतून चौघं आले होते. धट्टेकट्टे.

म्हणजे पत्ता त्यांच्याकडेही पोचला होता.

डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस बसून जुन्या नोंदी काढल्या. महिनाभरात मास्तरांच्या लॉगिनने बाहेरून दोन अनोळखी मशीनं आत येऊन गेली होती. मास्तर१२३. पहिल्याच प्रयत्नात.

"दार उघडं होतं, काका. कंपनीची माणसं आली, बघून गेली. तिथे जे लिहिलं होतं ते त्यांनी वाचलं. कोण कोण आलं त्याची यादी मी देऊ शकते." त्यांनी नोंदींचे कागद मिटले. "एकाची सोडून."

"पण आता सगळं बंद आहे ना?"

"मला माहीत असलेलं सगळं बंद आहे."

मी गेल्या तीस वर्षांत अनेक अधिकाऱ्यांकडून अशी उत्तरं ऐकली होती आणि दर वेळी भडकलो होतो. या वेळी भडकलो नाही. त्यांचा चेहरा खरं बोलणाऱ्या माणसाचा होता.

ज्या चुकीने ती गाडी त्या दारात पोचली ती माझी होती. मीच नाव लिहिलं, मीच अपडेट टाळलं, मीच रोज साखर घेताना ती चिठ्ठी वाचत राहिलो. हे मी इतरत्र कुठे छापलेलं नाही. म्हणून इथे लिहितो.

७

त्यानंतर माझ्यासारखा शिस्तीचा माणूस कचेरीत दुसरा नव्हता. बुधवारी अकराच्या आधीच मी फायली बंद करून बसायचो. "टोचा," म्हणायचो. पासवर्ड दर महिन्याला बदलायचो. डॉक्टरीणबाई थट्टा करायच्या, "काका, तुम्ही आता माझे आवडते रोगी." यादीत एकतीस ओळी यायच्या, आणि आम्ही दोघंही ते न बोलता मोजायचो.

चौदाव्या बुधवारी त्या माझ्यापाशी आल्या. स्क्रीन वळवली. बत्तीस.

माझ्या मशीनवर 'घरचं सामान' होती. आत बाईंचं नाव. पुढे प्रश्नचिन्ह.

पुसली. दुसऱ्या दिवशी होती. नावापुढे एका शहराचं नाव, मग प्रश्नचिन्ह. डॉक्टरीणबाईंनी मला नवं कोरं मशीन दिलं. शुक्रवारी त्याच्यावर फाईल होती. शहर, वस्ती, प्रश्नचिन्ह. मी वाचायचं टाळत होतो, पण डोळे वाचतातच. शनिवारी रस्ता. सोमवारी इमारत. कुणीतरी रोज दुपारी बाहेर पडत होतं, दारं बघत होतं, सावकाश, छत्री घेऊन.

मंगळवारी प्रश्नचिन्ह नव्हतं. तिसरा मजला, खोली क्रमांक नऊ.

मास्तर जे वाचतात ते आणखी कोण वाचतं, याचं उत्तर डॉक्टरीणबाईंकडे नव्हतं. कंपनीची माणसं जामिनावर बाहेर होती. बाईंना कळवायचं तर फोन नाही. तो मीच टाकायला लावला होता. एकच मार्ग उरला. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती, हे मी जिना उतरल्यावर पाहिलं.

बसने दोन तास लागले. इमारत सापडायला त्रास झाला नाही. पत्ता अचूक होता. जिन्यात दुपारची शांतता, कुठेतरी कुकरची शिट्टी, कुणाचा तरी रेडिओ. तिसऱ्या मजल्यावर पोचेतो मला धाप लागली. नऊ क्रमांकाच्या दारावर पाटी नव्हती. दाराला बघायचं भिंग होतं, खालच्या बाजूला, मुलांनाही दिसावं अशा उंचीवर.

मी मूठ उचलली आणि थांबलो. टकटक ऐकून त्या घाबरतील. हाक मारावी. माझा हात हवेत होता, दारापासून चांगला वीतभर.

टकटक झाली. दोनदा.

आत पावलं धावत आली. भिंगात काहीतरी हललं.

"आई," मुलीचा आवाज, "ते कालचे आजोबा परत आले."

"मागे हो. उघडू नकोस." बाईंचा आवाज मी ओळखला.

"ताई, मी आहे!" मी म्हणालो. "दादा! घाबरू नका, मी एकटाच आलोय!"

आत एकदम शांत झालं. माझ्या मागे, खांद्याच्या उंचीवर, कागद उलगडल्यासारखा आवाज झाला. मी दाराकडेच बघत राहिलो. मान वळत नव्हती.

भिंग पुन्हा काळं झालं. मुलगी डोळा लावून बराच वेळ बघत होती.

"नाही आई," ती म्हणाली. "आज दोघं आहेत."